नॉर्बर्टचं स्वतःचं पिस्तूल

सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या सुट्टीला हार्लन स्टकीच्या ओहायोतल्या शेतावर सगळे स्टकी जमतात, मक्याची कणसं खातात आणि लाकडी बाटल्यांवर गोळ्या झाडतात. या बाटल्या बोलिंगच्या खेळातल्या. गावातलं बोलिंगचं सभागृह बंद पडलं तेव्हा हार्लननं त्या ट्रकभर उचलून आणल्या आणि कोठारात रचून ठेवल्या. टेबलावर पाच बाटल्या उभ्या करायच्या, मागे जाऊन ठरलेल्या वेळात पिस्तुलानं त्या पाडायच्या. नुसती आडवी पडलेली बाटली धरत नाहीत, ती टेबलावरून खाली गेली पाहिजे. हे सगळं ते इतक्या गंभीरपणे करतात की तिथे हसणाऱ्या पाहुण्याला पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही.

गोळ्या झाडायला पाच-सहा जण असायचे, पण बाटल्या उभ्या करायला एकच होता. तो म्हणजे हार्लनचा एकुलता एक जावई, नॉर्बर्ट टिमन.

नॉर्बर्ट शाळेत बँड शिकवायचा. डोरीनशी लग्न झालं त्या वर्षी सासऱ्यानं त्याला विचारलं, "तुझं पिस्तूल कुठंय?" नॉर्बर्ट म्हणाला, नाहीये. "मग बाटल्या लाव," असं हार्लन म्हणाला आणि विषय संपला. उसनं पिस्तूल घेऊन रांगेत उभं राहायचं नाही, हा हार्लनचा नियम. त्याच्या मते उसनं पिस्तूल आणि उसनी कवळी या दोन गोष्टी सभ्य माणसानं वापरू नयेत. तेव्हापासून दर वर्षी नॉर्बर्ट बाटल्या लावत आला. गोळीबार थांबला की पळत टेबलापाशी जायचं, गवतातून बाटल्या वेचायच्या, उभ्या करायच्या आणि बाजूला व्हायचं. मेव्हण्यांची मुलं मोठी झाली, रांगेत उभी राहिली आणि "नॉर्बर्टकाका, डावीकडची वाकडी लागलीय" असं सांगायला लागली. त्या दिवशी नॉर्बर्टच्या मनानं घेतलं. पुढच्या वर्षी आपणही रांगेत उभं राहायचं, तेही स्वतःच्या पिस्तुलानिशी.

डोरीननं हरकत घेतली नाही. मुलीच्या दातांना तारा बसवायच्या होत्या, त्यामुळे तिनं एकच अट घातली. "सगळ्यात स्वस्त घे. तू ते वर्षातून एकदा वापरणार आहेस."

गावात पिस्तुलं विल्मा ग्रोबच्या दुकानात मिळायची. तिथे एका बाजूला बंदुका असत आणि दुसऱ्या बाजूला मासेमारीसाठी जिवंत गांडुळं. विल्मा दोन्हींकडे सारख्याच मायेनं पाहायची. नॉर्बर्टनं सगळ्यात स्वस्त पिस्तूल मागितल्यावर तिनं काउंटरखाली वाकून एक खोकं काढलं. कंपनीचं नाव इथे मुद्दामच देत नाही, कारण त्यांचे वकील त्यांच्या पिस्तुलापेक्षा महागाचे आहेत असं ऐकून आहे.

नॉर्बर्टनं पिस्तूल उचललं आणि त्याचा हात खाली गेला.

"जड आहे," तो म्हणाला.

"वरून जड आहे," विल्मा म्हणाली. "हे बघ. महागाच्या पिस्तुलात गोळी सुटते तेव्हा नळी आणि वरची सरकती स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून राहतात. दाराला कडी असते ना, तसं. मग कडी सुटते आणि स्लाइड मागे येते. ती कडी नेमकी घडवायला पैसे लागतात. यांनी कडी काढून टाकली आणि दारच जाड केलं. इतकं जाड की उघडायला त्याचं त्यालाच वेळ लागतो."

"आणि हे चालतं?"

"का नाही चालणार? जाड दारं काय चालत नाहीत?"

मग तिनं बाकीचे गुण सांगितले. स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली. मूठ प्लास्टिकची. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत सरकवायच्या डबीत, आठ गोळ्या. मॅगझिन काढलं की चाप ओढूनही गोळी सुटत नाही, म्हणजे विसरभोळ्या माणसाची सोय. मागचा नेमदर्शक स्क्रूनं वरखाली होतो आणि त्याचा चिमुकला स्क्रूड्रायव्हरही खोक्यातच. "आणि हमी कायमची," विल्मा म्हणाली. "कुणी घेतलं, कुणी मोडलं, कसं मोडलं, काही विचारत नाहीत. ट्रकखाली घातलंस तरी दुरुस्त करून देतात." नॉर्बर्टनं स्लाइड मागे ओढून पाहिली. आतली स्प्रिंग इतकी कडक होती की त्याला दात-ओठ खावे लागले. दिसायला ते पिस्तूल एखाद्यानं विटेला मूठ बसवावी तसं होतं, पण नॉर्बर्टला ते आवडलं. आयुष्यात पहिल्यांदाच कायमची हमी असलेली वस्तू त्याच्या हातात आली होती.

त्यानं फॉर्म भरला आणि विल्मानं सरकारी चौकशीला फोन लावला. इतरांना या चौकशीत कॉफी निवायच्या आत होकार येतो. विल्मानं फोन ठेवला आणि म्हणाली, "थांबा आलंय."

"म्हणजे?"

"तीनच उत्तरं असतात. हो, नाही आणि थांबा. तुझं थांबा आलंय. सरकारला तुझ्याबद्दल जरा विचार करायचाय."

"विल्मा, मी बँड शिकवतो."

"ते नाही सांगितलं मी त्यांना. उगाच आणखी कशाला बिघडवायचं?"

त्या गावात गोपनीय असं काही नसतं. संध्याकाळपर्यंत नॉर्बर्टला 'थांबा' आल्याची बातमी चर्च, केशकर्तनालय आणि शाळेची शिक्षक-खोली असा प्रवास करून घरी पोचली. शेजारचा लॉइड बेकस कुंपणापाशी आला. लॉइड रस्ते खात्यातून निवृत्त झालेला होता, आणि रस्ते सोडून सगळ्याच विषयांत त्याला गती होती.

"काय केलं होतंस रे?" त्यानं हळूच विचारलं.

"काही नाही."

"तसं असतं तर थांबा आलं नसतं. माझ्या पुतण्याला लगेच हो आलं, आणि त्यानं तर पोलिसांच्या गाडीला धडक दिली होती. तुझं नक्की काहीतरी मोठं असणार." असं म्हणून लॉइड नॉर्बर्टकडे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं इतक्या आदरानं पाहू लागला.

न्याहारीच्या टेबलावर नॉर्बर्टचं मन त्याला खाऊ लागलं. "डोरीन," तो म्हणाला, "लग्नाआधी मी एकदा क्लीव्हलंडला चुकीच्या जागी गाडी लावली होती."

"मग?"

"दंड भरला की नाही ते आठवत नाही."

"नॉर्बर्ट, अंडं खा," डोरीन म्हणाली.

शेवटी सरकारचा विचार करून झाला आणि होकार आला. थांबा कशासाठी होतं ते कुणीच सांगितलं नाही. खरं सांगायचं तर नॉर्बर्टला जराशी निराशाच वाटली, कारण त्या काही दिवसांत शाळेच्या ड्रमवाल्या मुलांनी एकदाही दंगा केला नव्हता.

पिस्तूल घरी आलं त्याच संध्याकाळी लॉइड ते पाहायला आला. उलटसुलट करून, रिकामं आहे याची दोनदा खात्री करून तो म्हणाला, "आधी उघडून साफ कर. कारखान्यातलं ग्रीस असतं आत. तसंच झाडलंस तर अडकणार."

"पुस्तिकेत लिहिलंय, उघडू नका. बाहेरूनच साफ करा म्हणून."

"सगळ्याच कंपन्या तसं लिहितात. आपण शहाणं होऊ नये म्हणून."

महागाच्या पिस्तुलाला एक कळ असते. ती फिरवली की वरचा भाग अलगद हातात येतो. या पिस्तुलात ती कळही काढून टाकलेली होती. तिच्याऐवजी एक आडवी खीळ ठोकलेली होती आणि ती हातोडीनंच बाहेर काढायची होती. नॉर्बर्टनं जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरला, लॉइडनं पिस्तूल धरलं आणि नॉर्बर्टनं हातोडी घातली. खीळ निघाली आणि स्लाइड सुटली. लॉइड म्हणाला, "आता ही मागची टोपी जरा दाबून सोड." नॉर्बर्टनं दाबून सोडली. टणकन आवाज झाला, काहीतरी चकाकलं आणि दिसेनासं झालं.

"स्प्रिंग होती ती," लॉइड म्हणाला.

दोघांनी स्वयंपाकघर पालथं घातलं. फ्रिज ओढला, त्यामागे क्लॅरिनेटच्या दोन पट्ट्या आणि हरवलेलं लायब्ररीचं कार्ड सापडलं. स्प्रिंग काही सापडली नाही. डोरीन खाली आली तेव्हा दोन मोठी माणसं चार पायांवर होती. ओट्यावर चर्चच्या सामुदायिक जेवणासाठी तयार करून ठेवलेलं घेवड्याचं कॅसरोल होतं. ते तिनं ओव्हनमध्ये सारलं, भाजलं आणि घेऊन गेली.

इथे सांगायला हवं की डोरीनच्या घेवड्याच्या कॅसरोलला त्या चर्चमध्ये मान होता. वर तळलेल्या कांद्याचा जाड थर असायचा आणि पास्टर ड्वेन पहिल्यांदाच घेत असल्यासारखं करून दोनदा वाढून घ्यायचे. त्या दिवशी त्यांनी पहिला घास घेतला आणि चेहरा न बदलता ते चावायचे थांबले. मग तोंडात दोन बोटं घालून त्यांनी काहीतरी बाहेर काढलं, रुमालाला पुसलं आणि दिव्यासमोर धरलं.

सभागृहातले चमचे थांबले.

"फायरिंग पिनची स्प्रिंग," पास्टर म्हणाले.

"छे, छे, एक्स्ट्रॅक्टरची असणार," पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं.

"एक्स्ट्रॅक्टरची याहून आखूड असते," भजनमंडळातल्या एका आजीबाईंनी सांगितलं.

स्प्रिंग हातोहात फिरली. प्रत्येकानं ती ताणून, दाबून, वाकवून पाहिली आणि आपलं मत दिलं. ती कुणाची हे मात्र कुणीच विचारलं नाही, कारण तोवर सगळे नॉर्बर्टकडेच पाहत होते. स्प्रिंग फिरून परत आली तेव्हा तिचा आकार मूळ आकाराशी फारसा जुळत नव्हता. पास्टरनी ती कागदी रुमालात गुंडाळून नॉर्बर्टच्या हातात ठेवली आणि त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "मुला, ती पिस्तुलं उघडायची नसतात." घरी येताना डोरीन गाडीत एकच वाक्य बोलली. "भजनमंडळातल्या त्या आजीबाईंनी माझं उरलेलं कॅसरोल चाळणीतून गाळून पाहिलं, नॉर्बर्ट."

आता पिस्तूल सांधलं तरी चालेना. चाप ओढला की आतून कुणीतरी कंटाळून जीभ टाळूला लावावी तसा आवाज यायचा. इकडे कामगार दिन तोंडावर आलेला. त्यातच थोरला मेव्हणा रॉस याचा फोन आला. "नॉर्बर्ट, ऐकलं मी सगळं. डॅडला सांगितलंय, यंदा बाटल्या लावायला दुसरा माणूस बघायला नको म्हणून."

नॉर्बर्टला ते लागलं. सासरच्या माणसांत इतकी वर्षं आपण आहोत, पण टेबलाच्या भलत्या बाजूला आहोत, हे त्याला तोवर कधी इतकं स्पष्ट जाणवलं नव्हतं. काहीही झालं तरी हे पिस्तूल चालवायचंच, असं त्यानं ठरवलं.

कायमची हमी होतीच, फक्त पिस्तूल कंपनीकडे पाठवायचं होतं. पण साध्या नागरिकाला टपालानं पिस्तूल पाठवता येत नाही. खासगी कुरियरवाल्यानं तर 'पि' ऐकूनच खिडकी बंद केली. नॉर्बर्ट विल्माकडे गेला.

"सगळं कशाला पाठवतोस?" विल्मा गांडुळं मोजत म्हणाली. "वरचा भाग पाठव. बिघाड तिथेच आहे. कायद्यानं पिस्तूल म्हणजे फक्त खालची मूठ, नंबर कोरलेला असतो ना, तेवढी. वरचा सगळा भाग नुसतं लोखंड. टपालानं खुशाल जातं."

"म्हणजे नळी, स्लाइड, फायरिंग पिन, हे पिस्तूल नाही?"

"नाही."

"आणि घरी जी प्लास्टिकची मूठ उरेल, ते पिस्तूल?"

"हो. नीट कुलपात ठेव."

टपाल कचेरीत खिडकीशी मिसेस पिंकर्ट होत्या. त्यांच्या मुलाला नॉर्बर्टनं एकदा ट्रॉम्बोनच्या शेवटच्या रांगेत बसवलं होतं आणि पुढे 'तोंड नुसतं लाव, फुंकू नकोस' असंही सांगितलं होतं. नॉर्बर्ट वाटेत उत्तरं पाठ करत आला होता. खोकं खिडकीत ठेवलं तेव्हा ते इतकं जड आपटलं की वजनकाटा दचकल्यासारखा झाला.

"आत काही नाशवंत, ज्वलनशील, द्रवरूप?" मिसेस पिंकर्टनी विचारलं.

"पिस्तूल नाही," नॉर्बर्ट म्हणाला.

मागच्या रांगेतली माणसं एक पाऊल मागे सरली.

"मी पिस्तूल आहे का असं विचारलंच नव्हतं, मिस्टर टिमन."

"नाहीच आहे. पिस्तूल घरी आहे. कुलपात. हे त्याच्यावरचं... हे नुसतं लोखंड आहे."

मिसेस पिंकर्टनी चष्मा लावला, नियमांचं जाडजूड पुस्तक समोर आपटलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. रांग दारापर्यंत गेली. लोक सल्ले देऊ लागले. एक म्हणाला, वरच्या भागाला परवानगी आहे. दुसरा म्हणाला, शेजारच्या राज्यात नाही. एका बाईंनी नॉर्बर्टला सांगितलं की त्यानं ते खोकं सरळ केकच्या डब्यात घालून पाठवायला हवं होतं. बऱ्याच वेळानं मिसेस पिंकर्टना हवी ती ओळ सापडली. तिच्यात परवानगी होती, त्यामुळे त्यांचा चेहरा पडला. शिक्का मारता मारता त्या म्हणाल्या, "माझा जेरल्ड आता कोलंबसच्या बँडमध्ये वाजवतो. पहिल्या रांगेत." नॉर्बर्टनं अभिनंदन केलं. दुसरं काय करणार?

कंपनीबद्दल मात्र कुणी वाकडा शब्द काढू नये. सुट्टीच्या आदल्या दिवशी खोकं परत आलं. आत नवी स्लाइड, नव्या स्प्रिंगा, भेट म्हणून एक जादा मॅगझिन आणि एक चिठ्ठी: "आमचं पिस्तूल निवडल्याबद्दल आभार. कृपया उघडू नका." या सगळ्या प्रकरणात नॉर्बर्टशी इतक्या सभ्यपणे दुसरं कुणीच वागलं नव्हतं.

कामगार दिनी शेतावर मेव्हण्यांनी मखमली अस्तराच्या पेट्या उघडल्या. नॉर्बर्टनं आपलं पिस्तूल खोक्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि टेबल हललं.

"हे काय?" रॉस म्हणाला. "गोळ्या संपल्या की फेकून मारायचं का?"

"पायावर पडू देऊ नकोस रे," धाकटा ग्लेन म्हणाला. "कायमची हमी पिस्तुलाला आहे, पायाला नाही."

हार्लन घडीच्या खुर्चीत बसला होता. गेल्या वर्षापासून त्यानं नेमबाजी सोडली होती. "पोरांना संधी मिळू दे" असं तो सांगायचा. खरं कारण त्याची मनगटं होती. सांधे सुजले होते आणि त्याचं जुनं सुंदर पिस्तूल दर गोळीला हाताला असा झटका द्यायचं की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

नॉर्बर्ट रांगेत उभा राहिला. छाती इतकी धडधडत होती की ताल चुकत होता. त्यानं नेम धरला आणि चाप ओढला. उजवीकडची बाटली टेबलावरून उडाली. त्याचा नेम डावीकडच्या बाटलीवर होता, पण ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. दुसरी गोळी टेबलाला लागली. तिसरी अर्धवट अडकली आणि पिस्तूल उघडं तोंड करून बसलं. मागून हसू फुटलं. नॉर्बर्टनं मॅगझिन काढलं, स्लाइड खेचली, गोळी झटकली, मॅगझिन परत बसवलं. इतके दिवस बिघडलेल्या पिस्तुलाशी झटापट केल्यानं त्याचे हात ते न पाहता करत होते. एवढं होईपर्यंत त्याची पाळी संपली होती. "बाटल्या लाव आता," रॉस म्हणाला.

नॉर्बर्ट निघालाच होता, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. "आण ते इकडे."

हार्लननं पिस्तूल हातात तोललं. "भयंकर आहे," तो म्हणाला आणि उठून उभा राहिला. त्यानं चाप ओढला. जडशीळ स्लाइडनं झटका स्वतःच गिळला आणि म्हाताऱ्याचं मनगट जेमतेम हललं. बाटली खाली गेली. हार्लननं हाताकडे पाहिलं, मग दुसरी गोळी झाडली, मग तिसरी. चौथ्या बाटलीला पिस्तूल पुन्हा अडकलं.

हार्लननं स्लाइड ओढायचा प्रयत्न केला. ती कडक स्प्रिंग त्याच्या सुजलेल्या बोटांना जुमानेना. रॉस आणि ग्लेन दोघेही लगबगीनं पुढे आले.

"तुम्ही नको," हार्लन म्हणाला. "तुम्हाला काय कळतंय यातलं? नॉर्बर्ट, इकडे ये."

नॉर्बर्टनं स्लाइड खेचून दिली. हार्लननं बाटली पाडली. मॅगझिन संपलं, नॉर्बर्टनं दुसरं भरलं, स्लाइड ओढली आणि पिस्तूल त्याच्या हातात ठेवलं. असं दुपारभर चाललं. बाटल्या कोण लावतंय याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. अधूनमधून रॉस धापा टाकताना ऐकू यायचा. संध्याकाळी हार्लन म्हणाला, "हे इथेच राहू दे माझ्याकडे." नॉर्बर्ट म्हणाला, राहू दे. अशा रीतीनं एवढा आटापिटा करून मिळवलेलं त्याचं स्वतःचं पिस्तूल एकाच दिवसात गेलं.

त्यानंतर दर रविवारी चर्च सुटलं की हार्लनचा फोन येतो. "ये," एवढंच म्हणतो. नॉर्बर्ट जातो, स्लाइड ओढून देतो, अडकलेली गोळी काढतो आणि मग दोघं ओसरीवर बसून राहतात. हार्लन त्याला वारलेल्या बायकोबद्दल सांगतो, म्हणजे डोरीनच्या आईबद्दल. ती नॉर्बर्टला फारशी आठवतही नाही. हे तो आपल्या मुलांशीसुद्धा कधी बोललेला नाही. "काय बोलत असता रे तुम्ही इतका वेळ?" डोरीन विचारते. "पिस्तुलाबद्दल," नॉर्बर्ट सांगतो.

परवा विल्मानं त्याला दुकानात हाक मारली. "बरं झालं भेटलास. त्या कंपनीनं आता स्लाइडला लावायची एक छोटी मूठ काढलीय, आणि नवं मॅगझिनही. ऐंशीचा म्हातारासुद्धा एका बोटानं ओढेल, आणि अडकायचं तर नावच नाही. हमीत फुकट देतायत. मागवू का हार्लनसाठी?"

नॉर्बर्टनं दाराकडे पाहिलं. दुकानात दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"विल्मा," तो आवाज खाली आणून म्हणाला, "हे सासऱ्यांना कुणी सांगितलं तर नाही ना?"